जुन्या संयुक्त कर्जात नाव अडकलंय. नवं गृहकर्ज मिळेल का?

दोरासुई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, पाककृतींचे धागे तर पाठ आहेत. लिहायला पहिल्यांदाच बसलेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकला असते. ब्लाउज, पिको-फॉल आणि दोन शाळांचे गणवेश शिवते. भाड्याचा गाळा आहे, हाताखाली दोघी जणी आहेत. सगळा खर्च जाऊन महिन्याला ४२-४५ हजार उरतात, लग्नसराईत थोडे जास्त. दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगी आठवीत आहे. आई माझ्याजवळ असते, बाबांच्या मागे तिला १६ हजार पेन्शन येते.

पाथर्डी फाट्याजवळ एक वन बीएचके बघितला. रिसेल, १२ वर्षांची इमारत, २८ लाख. सोनं धरून माझ्याकडचे १० लाख उभे राहतात, २० लाखांचं कर्ज हवंय.

अडचणी अशा :

लग्नात ठाण्याला घेतलेल्या फ्लॅटचं कर्ज आम्हा दोघांच्या नावे आहे. हुकूमनाम्यात स्पष्ट लिहिलंय की फ्लॅट त्यांचा आणि कर्जही तेच फेडणार. फेडतात, पण हप्ता कधी दहा दिवस उशिरा, कधी दीड महिना. त्यामुळे माझा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) ६३८ झालाय. बँकेत गेले तर म्हणाले, तुमच्यावर आधीच ३१ लाख आहेत. मी हुकूमनामा पुढे केला. साहेबांनी वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ताई, हे तुमच्या दोघांतलं झालं. बँक त्यात कुठे होती?"

आयकर विवरणपत्र मी फक्त गेल्या वर्षी भरलंय. आणि घाबरून एकाच महिन्यात चार ठिकाणी अर्ज केले, चारही नाकारले.

आता एक एजंट म्हणतोय, ४० हजार द्या, तीन वर्षांचे रिटर्न "बनवून" देतो, काम होऊन जाईल. खरं सांगते, मन डळमळलंय. घरमालकाने मेपर्यंत जागा सोडायला सांगितलीय.

कुणी अशा परिस्थितीतून गेलंय का?

गोदाकाठ

आधी एकच. त्या एजंटाचा फोन उचलू नका. बाकी लोक सविस्तर लिहितीलच.

हिशेबनीस

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो. शेवटची नऊ वर्षं कर्ज विभागात होतो. म्हणून जरा लांबवतो.

त्या अधिकाऱ्याने तुम्हाला सांगितलं ते कठोर वाटलं असेल, पण खरं आहे. कर्जाचा करार बँक आणि तुम्ही दोघं असा तिघांत झालाय. न्यायालयाने तुम्हा दोघांतला हिशोब मिटवला. बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती, त्यामुळे तिच्या लेखी दोघंही आजही पूर्ण रकमेला जबाबदार. अर्ध्या रकमेला नाही, पूर्ण.

आता बँकेच्या खुर्चीवरून बघा. गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात तुम्ही उत्पन्न किती दाखवलंय? साडेतीन-पावणेचार लाख असेल तर महिना ३० हजार धरतात. त्यातले साधारण निम्मे हप्त्यांना जाऊ देतात. जुन्या कर्जाचा हप्ता २८-२९ हजार असणार. म्हणजे कागदावर तुमच्या हातात काहीच उरत नाही. तुमचा ४५ हजारांचा गल्ला त्या अधिकाऱ्याला दिसतच नाही.

म्हणून स्कोअर हा तुमचा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न जुन्या कर्जातून नाव काढायचं, दुसरा उत्पन्न कागदावर आणायचं. स्कोअर त्यांच्या मागून येतो.

आणि अर्ज करणं आज थांबवा. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या अहवालात नोंदली जाते. महिन्यात चार नोंदी दिसल्या की पाचवा अधिकारी म्हणतो, हिला सगळ्यांनी नाकारलेलं दिसतंय. स्वतःचा अहवाल स्वतः बघितला तर गुण कमी होत नाहीत, ते निर्धास्त करा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

खडीसाखर

हिशेबनीसकाका, वाखुसा (वाचनखूण साठवली). इतकं सोपं करून माझ्या बँकेत कुणी सांगितलं नव्हतं.

काळा_कोट

कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, रोज हे बघते. संमतीपत्रात "कर्ज पती फेडेल" एवढं एक वाक्य घालून दोघं मोकळे होतात आणि दोन वर्षांनी बाई रडत येते. खूप वाईट वाटतं.

दोरासुई, तुमच्यापुढे वाटा अशा. त्यांनी ते कर्ज एकट्याच्या उत्पन्नावर दुसऱ्या बँकेत न्यावं. जुनं खातं बंद होईल आणि तुमचं नाव आपोआप सुटेल. त्यांचं उत्पन्न अपुरं असेल तर भाऊ किंवा वडील सहकर्जदार होऊ शकतात. किंवा फ्लॅट विकून कर्ज फेडावं. आहे त्याच बँकेला "माझं नाव काढा" असा अर्ज करता येतो, पण मान्य करायचं बंधन तिच्यावर नाही, आणि दोन कर्जदार असताना एकाला सोडायला बँक सहजी तयार होत नाही.

फ्लॅटच्या मालकीत तुमचं नाव असेल तर नोंदणीकृत दस्त करून हक्क सोडावा लागेल. तो कर्जाचं पक्कं ठरल्यावरच करा. आधी हक्क सोडला आणि कर्ज नावावर राहिलं, असं झालेल्या दोघी अशील माझ्याकडे आहेत.

ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचाय त्यांच्यासाठी : महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये (काही शहरांत वर अधिभार). घटस्फोटानंतर ते नातं राहत नाही. घरावर कर्ज असेल तर बँकेची संमती लागतेच. पण हे सगळं हुकूमनाम्याच्या आधी उरकायचं असतं.

मिरगाचा_पाऊस

आमच्याकडं कोल्हापूरकडं जामीन राहणं म्हणजे दोस्तीखातर चहा पाजल्यागत असतंय. मी २०१६ साली मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो. दोन पावसाळे वाईट गेले, हप्ते थकले. २०२१ ला मी घरासाठी बँकेत गेलो तर माझ्या अहवालात त्याचा ट्रॅक्टर!

मित्र लबाड नव्हता हो. ऊस जळाला त्याचा. मी त्याला जाऊन भेटलो, रात्रभर बसलो, आणि राहिलेले १ लाख १० हजार दोघांनी मिळून भरले. दोस्ती राहिली, घर आठ महिनं लांबलं. ताई, तुमचं दुःख निराळं आहे, पण दुसऱ्याच्या हप्त्याखाली आपलं नाव काय करतंय ते मला ठाऊक आहे.

काळा_कोट

@मिरगाचा_पाऊस, भारतीय करार कायद्याचं कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. "आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या" असं बँकेला सांगता येत नाही.

अंगतपंगत

म्हणजे सासऱ्यांनी मला "नुसती सही कर रे" म्हटलं तेव्हा हिने डोळे वटारले ते बरोबरच होतं. आज घरी जाऊन कबूल करतो. 😀

पारिजातक

विषयाला जरा वेगळं वळण देते. घर आत्ताच घ्यायलाच हवं का? आम्ही २२ वर्षं भाड्याने राहिलो, मुलं शिकली, कुठे अडलं नाही. २० लाखांचं ओझं एकटीच्या खांद्यावर, धंदा हाताच्या बोटांवर. उद्या मनगट दुखावलं तर? काळजीने लिहितेय, राग मानू नका.

दोरासुई

पारिजातकताई, राग कसला. तुमचा प्रश्न मी रोज रात्री स्वतःला विचारते. पण मला दोन वर्षांत तीन घरं बदलावी लागली. "मिस्टर कुठे असतात?" हा पहिला प्रश्न. उत्तर ऐकलं की "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. आत्ताचे मालक चांगले आहेत, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय म्हणून जागा हवीय. मुलीने परवा विचारलं, "आई, भिंतीवर खिळा ठोकला तर चालेल असं घर कधी मिळेल?" तेवढ्यासाठी चाललंय हो सगळं.

पारिजातक

घ्या घर. माझा मुद्दा मागे. फक्त कर्जाबरोबर मुदतीचा विमा घ्या आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा, एवढं माझं ऐका.

दर्यावर्दी

वास्कोहून. मी जहाजावर असतो. सात महिने पगार, मग चार महिने काहीच नाही, परत नवीन करार. बँकेच्या कोष्टकात मी कुठेच बसत नव्हतो. मी तीन वर्षांचे सगळे करार, सीडीसीच्या (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) नोंदी, खात्याचे उतारे एका फायलीत तारखेने लावले आणि वर हाताने एक पानी पत्र लिहिलं : कुठल्या महिन्यात पगार का नाही, वर्षाची सरासरी किती. तिसऱ्या बँकेच्या व्यवस्थापक बाईंनी ते पत्र पूर्ण वाचलं आणि काम झालं. तुम्हीही तसं पत्र लिहा. लग्नसराई, शाळा उघडण्याचा हंगाम, सगळं मांडा.

आकडेमोड

सीए आहे. उत्पन्नाच्या बाजूबद्दल.

बहुतेक छोटे व्यावसायिक अंदाजे नफा दाखवायच्या सोयीखाली (१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४४एडी) उलाढालीच्या ८ टक्के (डिजिटल पैसे असतील तर ६ टक्के) नफा दाखवतात. तो किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. शिवणकामात माल थोडा, मजुरी मोठी, तुमचा नफा ८ टक्के असूच शकत नाही. करापायी थोडे हजार वाचवतो आणि कर्जाच्या वेळी उत्पन्नच नाही म्हणून परत येतो, असे पक्षकार माझ्याकडे दर महिन्याला येतात.

मागच्या वर्षांची विवरणपत्रं अद्ययावत विवरणपत्र (आयटीआर-यू) म्हणून भरता येतात. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून त्याची मुदत ४८ महिने झालीय, पण जितका उशीर तितका जादा कर. मात्र तिन्ही वर्षांचे रिटर्न एकाच आठवड्यात भरलेले दिसले की बँक त्याकडे संशयानेच बघते. त्यापेक्षा यंदाचं वेळेवर आणि खरं भरा, म्हणजे सलग दोन होतील.

गुमास्ता (दुकानाची) आणि उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी) नोंदणी करून घ्या. दुकानासाठी चालू खातं उघडा, क्यूआर कोड त्याला जोडा, रोख आली तर तीही आठवड्याला भरा. शाळांकडून गणवेशाचे पैसे खात्यावर घ्या. बारा महिन्यांत तो उतारा तुमच्या बाजूने बोलायला लागतो.

एजंटाबद्दल : पोचपावती क्रमांकावरून बँक रिटर्न तपासते. खोटं सापडलं तर कर्ज जातंच, वर फसवणुकीचा गुन्हा. तो ४० हजार घेऊन निघून जाईल. सही तुमची असेल.

विदर्भवासी

थांबायचं कशाला म्हणतो मी? छोट्या घरांसाठी कर्ज देणाऱ्या हाउसिंग फायनान्स कंपन्या आहेत ना. माझं पानाचं दुकान, अमरावतीत. एक रुपयाचा रिटर्न नव्हता. त्यांचा माणूस दोन दिवस दुकानात बसला, गिऱ्हाइकं मोजली, उधारीची वही पाहिली, शेजाऱ्याले विचारलं. महिनाभरात कर्ज मंजूर. व्याज साडेबारा टक्के, पण घर झालं न भाऊ!

हिशेबनीस

@विदर्भवासी, तुमचा अनुभव खरा आहे आणि या कंपन्यांनी अनेकांना घर दिलंय. पण गणित समोर ठेवू या. २० लाख, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता १७,३५६. साडेबारा टक्क्यांनी २२,७२३. महिन्याला ५,३६७ चा फरक, वर्षाला ६४ हजारांच्या वर. दोरासुईंनी वर्षभर थांबून स्वस्त कर्ज घेतलं तर तो फरक पुढची एकोणीस-वीस वर्षं वाचतो.

विदर्भवासी

हे बरोबर आहे, पण वर्षभराचं भाडं? अन् २८ चा फ्लॅट वर्षाने २८ लाच भेटेल का? मी साडेबारावर घेतलं, तीन वर्षं एकही हप्ता चुकवला नाही अन् मग सरकारी बँकेत कर्ज हलवलं. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर व्यक्तीला दंड लावता येत नाही. त्याचा फायदा घेतला.

हिशेबनीस

हेही चुकीचं नाही. मग अट एकच : कर्ज घेतानाच बदलत्या दराचं आहे याची लेखी खात्री. तुमच्यासारखी शिस्त सगळ्यांना जमत नाही, म्हणून मी घाबरवत होतो.

गोदाकाठ

नाशिककर म्हणून : रिसेल आहे तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) बघितलंत का? त्या पट्ट्यात माझ्या चुलतभावाचं कर्ज सिबिलमुळे अडलं नव्हतं, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र अर्धवट होतं म्हणून अडलं होतं. सूची दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), आधीचे सगळे करारनामे, सोसायटीचा भागदाखला मागून घ्या.

जायकवाडी

+१. छत्रपती संभाजीनगरात माझा गुंठेवारीतला (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) प्लॉट. माझा पगार उत्तम, स्कोअर ७९०, तरी बँकेने हात वर केले. गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायला मिळाली, तेव्हा कुठे महापालिकेचा कागद हातात आला आणि मग कर्ज. माणूस कितीही सरळ असला तरी जमिनीचा कागद वाकडा असला की सगळं थांबतं.

खडीसाखर

माझाही अनुभव देते, कदाचित उपयोग होईल. नवऱ्याचं क्रेडिट कार्ड होतं, नोकरी गेली तेव्हा बँकेशी तडजोड करून कमी रकमेत मिटवलं. आम्हाला वाटलं संपलं. अहवालात "सेटल्ड" लागलं, आणि बँका त्याला थकबाकीइतकंच वाईट समजतात. शेवटी माफ झालेले १८ हजार आम्ही स्वतःहून भरले, ना-देय दाखला घेतला आणि नोंद "क्लोज्ड" करून घेतली. बँक नोंद बदलायला टाळाटाळ करत होती. तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम पत्रात लिहिला आणि आठवड्यात झालं.

दोरासुई, तुमच्या अहवालात दुसरं काही चुकीचं नाही ना, एकेक ओळ बघा.

दोरासुई

बघितलं! २०१९ मध्ये हप्त्यावर घेतलेलं शिलाई मशीन. सगळे हप्ते भरलेत, अहवालात अजून ३,२०० बाकी दिसतेय. पावत्या आईने पिशवीत जपून ठेवल्या होत्या. आजच तक्रार टाकली.

एजंटाला नाही सांगितलं. सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीच्या बाबांशी बोलायची माझी हिंमत होत नाहीये, पण नणंदेशी अजून बोलणं आहे. तिला विचारते.

हिशेबनीस

नणंद ही चांगली वाट आहे. बोलताना तक्रार करू नका. एवढंच सांगा, की उशिरा भरल्याने त्यांचाही स्कोअर पडतोय आणि व्याज जास्त जातंय. कर्ज हलवलं तर त्यांचाच हप्ता कमी होईल.

आणि तोवर, त्यांच्या खात्यातूनच हप्ता जातोय असे बारा महिन्यांचे उतारे मिळाले तर जपून ठेवा. हुकूमनामा आणि ते उतारे एकत्र बघून काही बँका तो हप्ता तुमच्या डोक्यावर धरत नाहीत. आमच्याकडे अशी दोन प्रकरणं मंजूर झाली होती.

काळा_कोट

आणि खरेदी फक्त तुमच्या, किंवा तुमच्या आणि आईच्या नावे करा. फक्त महिलांच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. २८ लाखांवर २८ हजार वाचतात.

दोरासुई (सात महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

नणंदेने मध्यस्थी केली. पहिले दोन महिने काही हललं नाही. मग त्यांनाच गाडीसाठी कर्ज नाकारलं गेलं आणि ते ऐकायला तयार झाले. धाकट्या दिरांना सहकर्जदार करून कर्ज दुसऱ्या बँकेत गेलं. मंजुरीपत्र हातात आल्यावरच मी हक्क सोडल्याच्या दस्तावर सही केली, काळा_कोट तुम्ही सांगितलंत तसंच. निबंधक कार्यालयात आम्ही एका बाकावर बसलो होतो. ते म्हणाले, "उशीर होत होता, मला कळायला हवं होतं." मी काही बोलले नाही, पण बरं वाटलं.

जुनं खातं महिनाभरात बंद दिसायला लागलं. शिलाई मशीनचे ३,२०० पण गेले. स्कोअर ७०९ आहे. दुसरं विवरणपत्र जुलैत वेळेवर भरलं, या वेळी नफा होता तसाच दाखवला.

पाथर्डी फाट्याचा फ्लॅट गेला. एक दिवस वाईट वाटलं. मधल्या काळात आम्ही मामांच्या दोन खोल्यांत राहिलो. आता नाशिकच्याच सिडको भागात एक बघितलाय, २६ लाख, भोगवटा प्रमाणपत्र पूर्ण आहे (गोदाकाठ, पहिला प्रश्न तोच विचारला). दर्यावर्दींसारखं एक पानी पत्र लिहून फाइल बँकेत दिलीय, आईला सहअर्जदार केलंय. साहेब म्हणाले, होईल असं वाटतं, पण मंजुरीला तीन आठवडे.

एक अडलंय. विक्रेते म्हणतात, उद्या १ लाख इसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. कर्ज झालंच नाही तर इसार बुडेल का?

काळा_कोट

स्टॅम्पपेपरवर इसारपावती केल्याशिवाय एक रुपया देऊ नका. त्यात हे वाक्य घाला : "खरेदीदारास बँकेकडून कर्ज मंजूर न झाल्यास, बँकेचे नकारपत्र दाखवल्यापासून १५ दिवसांत विक्रेता इसाराची संपूर्ण रक्कम परत करील." मुदत ४५ दिवसांची मागा, तीनच आठवडे धरू नका. पैसे धनादेशाने किंवा खात्यावर द्या, रोख नको. आणि १ लाखाऐवजी ५१ हजार म्हणून बघा.

दोरासुई

५१ वर तयार झाले! ४५ दिवसही मान्य. वाक्य वहीत उतरवून घेतलंय. सकाळी गाळा उघडायच्या आधी स्टॅम्पपेपर आणते.

मिरगाचा_पाऊस

ताई, भिंतीत खिळा ठोकला की फोटो टाका.